करवंदे, जांभळे, रातांबे आणि उतारवयातली स्मरणशक्ती : आतड्यातल्या जिवाणूंचा यात वाटा किती?

सड्यावरचा (रत्नागिरी)

आमच्या भागातल्या ज्येष्ठ मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. रोज मूठभर ब्लूबेरी खाल्ल्यास आतड्यातले जिवाणू सुधारतात, त्यामुळे मेंदू तरुण राहतो आणि विसराळूपणा मागे हटतो, असे त्यात छातीठोकपणे लिहिलेले असते आणि शेवटी जांभळ्या भुकटीच्या डब्याची जाहिरात असते. माझ्या वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. माणसांची नावे आठवायला त्यांना आताशा वेळ लागतो आणि त्याची खंत त्यांना आमच्यापेक्षा अधिक आहे, म्हणून हा डबा मागवावा असा त्यांचा आग्रह आहे.

डब्याची किंमत वाचून मी थबकलो. वैशाखात आमच्या सड्यावरच्या जाळ्या करवंदांनी काळ्याभोर होतात, पावसाच्या तोंडावर पाणंदीत जांभळांचा नुसता चिखल होतो, आणि आगळाची, म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) खारवलेल्या रसाची, बरणी नाही असे घर वाडीत सापडायचे नाही. असे असताना परदेशी फळाची भुकटी विकत घेण्यात काही अर्थ आहे का? मुळात फळ, जिवाणू आणि मेंदू ही साखळी खरी आहे की जाहिरातवाल्यांनी जुळवलेली आहे? आणि खरी असेल तर आपल्या फळांना ती लागू पडते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. ‘आपले ते सगळे चांगले’ एवढाच प्रतिसाद कृपया नको. तो आमच्या घरात रोज ऐकायला मिळतो.

प्रयोगवही (चिपळूण)

मी अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, तेव्हा जिवाणूंच्या बाजूने सुरुवात करतो.

करवंद, जांभूळ, रातांबा आणि ब्लूबेरी या सर्वांना गडद रंग देणारी द्रव्ये अँथोसायनिन या एकाच कुळातली आहेत. रातांब्यात प्रामुख्याने सायनिडिन या रेणूला साखर जोडलेली दोन रूपे आढळतात, तर जांभळात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन यांची रूपे असतात. ब्लूबेरीत हे चारही रेणू थोड्याफार प्रमाणात सापडतात. फरक इतकाच की जांभळात त्या रेणूंना साखरेचे दोन घटक जोडलेले असतात आणि ब्लूबेरीत बहुधा एक. तेव्हा रंगद्रव्यापुरते बोलायचे तर आपली फळे उपरी नाहीत.

हे द्रव्य किती नाजूक असते, ते घरच्या मोरीतही पाहता येते. कोकमाचा लालभडक डाग पडलेल्या फडक्यावर धुण्याच्या सोड्याचे पाणी ओतावे. डाग आधी जांभळट, मग निळसर-हिरवट होतो आणि थोड्या वेळाने मळकट पडू लागतो. आम्लात लाल, अल्कलीत निळे आणि तिथे फार काळ न टिकणारे, असा त्याचा स्वभाव आहे. पोटातही असेच काहीसे होते. जठराच्या तीव्र आम्लात ते बऱ्यापैकी तग धरते, लहान आतड्यात आम्लता उतरताच त्याचा रेणू मोडू लागतो, थोडा भाग तिथेच शोषला जातो आणि मोठा भाग मोठ्या आतड्यात उतरतो, जिथे जिवाणूंची खरी वस्ती आहे. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ मध्ये मांडलेला हिशेब आज सर्वसाधारणपणे मानला जातो. त्यांतले जवळजवळ सर्व मोठ्या आतड्यातच राहतात. ते फळातल्या रंगद्रव्याला जोडलेली साखर काढून घेतात आणि उरलेला रेणू फोडून त्याची लहान लहान फिनॉलिक आम्ले बनवतात.

याचा माग प्रत्यक्ष काढला गेलेला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ पुरुषांना प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम सायनिडिन-ग्लुकोसाइड दिले गेले. रातांब्यात असते तेच हे द्रव्य. त्यातले काही कार्बन अणू खुणेचे, म्हणजे कार्बन-१३ चे, घातलेले होते, त्यामुळे रेणू मोडला तरी त्याचे तुकडे कुठे पोहोचले हे कळत होते. लघवी आणि उच्छ्वास यांवरून सुमारे १२ टक्के द्रव्य शरीरात शोषले गेल्याचे दिसले. रक्तात मूळ रेणूपेक्षा त्याच्या तुकड्यांचे प्रमाण कितीतरी अधिक होते आणि ते तुकडे ४८ तासांनंतरही सापडत होते. पूर्वी केवळ मूळ रेणू मोजत असल्यामुळे हे द्रव्य जेमतेम एक टक्का शोषले जाते असे समजले जाई. सांगायचा मुद्दा असा की मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जे पोहोचते, ते बहुतांशी फळातले मूळ द्रव्य नसते. आतड्याने, यकृताने आणि जिवाणूंनी मिळून त्याचे जे केलेले असते, ते असते. म्हणून साखळीतली पहिली कडी, म्हणजे फळ आणि जिवाणू यांचा संबंध, मला भक्कम वाटते.

दुसरी कडी, म्हणजे जिवाणू आणि मेंदू यांचा संबंध, तितकी सरळ नाही. संध्याकाळी लिहितो.

खाडीपलीकडे (गुहागर)

प्रयोगवही सर, फडक्याचा प्रयोग आत्ताच करून पाहिला. आगळाचा डाग खरोखरच शेवाळी झाला. सोलकढीत नारळाचा रस पडताच लाल आगळ गुलाबी का होते, याचे उत्तरही यातच आहे का?

प्रयोगवही (चिपळूण)

खाडीपलीकडे, बऱ्याच अंशी हो. नारळाच्या रसाने आम्लता उतरते, द्रव्य पातळ होते, आणि वरून रसाचा पांढरेपणा त्यात मिसळतो.

आता मेंदूकडे वळतो. आतड्यातले जिवाणू मेंदूशी निरनिराळ्या वाटांनी संपर्क ठेवतात. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू ही एक वाट, प्रतिकारशक्तीच्या पेशी ही दुसरी, आणि तंतुमय अन्न आंबवून जिवाणू जी लघुशृंखला मेदाम्ले तयार करतात (ब्युटिरेट, प्रोपिओनेट, अ‍ॅसिटेट) ती तिसरी. रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत शिरू नयेत यासाठी मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती एक आडकाठी असते. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले की जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये ही आडकाठी गळकी असते, आणि ब्युटिरेट बनवणारे जिवाणू त्यांच्या आतड्यात सोडले की ती पुन्हा घट्ट होऊ लागते.

वय वाढते तसे काय होते, यावर आयर्लंडमधल्या कॉर्क येथे झालेले काम मला सर्वांत बोलके वाटते. तिथे १७८ वृद्धांच्या आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धांच्या तुलनेत दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे वैविध्य बरेच कमी होते, आणि ज्यांचे वैविध्य कमी त्यांची प्रकृतीही अधिक जर्जर होती. आहारातले वैविध्य घटण्याशी याचा थेट संबंध दिसला. पुढे २०२१ मध्ये कॉर्कमधल्याच संशोधकांनी तरुण उंदरांच्या विष्ठेतले जिवाणू म्हाताऱ्या उंदरांना दिले, तेव्हा म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतले, विशेषतः स्मरणाशी निगडित भागातले, वयानुसार झालेले काही बदल मागे फिरल्याचे आढळले. उंदरांत हे झाले म्हणून माणसात होईलच असे नाही. तरीही वार्धक्य आणि आतडे यांचा संबंध निव्वळ कल्पनेतला नाही, एवढे यावरून म्हणता येते.

शंकासुर (मालवण)

माझे काम नावाप्रमाणे आहे, तेव्हा राग नसावा. सरांनी कड्या नीट दाखवल्या. पण पहिली कडी खरी आणि दुसरी कडी खरी म्हणून अख्खी साखळी वजन पेलते असे होत नाही. ‘माणसाने फळ खाल्ले, त्याचे जिवाणू बदलले आणि त्या बदलामुळे त्याची स्मरणशक्ती सुधारली’ हे एकाच माणसात एकत्र दाखवावे लागेल.

या विषयाची सुरुवात उंदरांपासून झाली. १९९९ मध्ये बोस्टनमधल्या टफ्ट्स विद्यापीठाशी संलग्न केंद्रात १९ महिन्यांच्या म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालक यांचा अर्क घातलेले खाद्य दिले गेले, आणि त्यांची स्मरणाची कामगिरी सुधारली. तोल सांभाळण्यात ब्लूबेरीवाले उंदीर विशेष सरस ठरले. ब्लूबेरीच्या कीर्तीचा उगम इथे आहे. पालकाला मात्र ती कीर्ती लाभली नाही, कारण पालकाची भुकटी डब्यात भरून कोणी एवढ्या भावाने विकत नसावे.

माणसांमधला सर्वांत मोठा दाखला अमेरिकेतल्या परिचारिकांच्या पाहणीचा दिला जातो. ही पाहणी १९७६ मध्ये १,२१,७०० परिचारिकांपासून सुरू झाली. त्यांतल्या सत्तरी ओलांडलेल्या १६,०१० जणींची स्मरणशक्ती पुढे फोनवरून वेळोवेळी तपासली गेली, आणि २०१२ मध्ये असे प्रसिद्ध झाले की ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी अधिक खाणाऱ्यांच्या बुद्धीची झीज अडीच वर्षांपर्यंत मागे राहिलेली दिसते. आकडा मोठा आहे, पण ही केवळ पाहणी आहे. आठवड्यातून दोनदा स्ट्रॉबेरी खाणारी बाई बहुधा शिकलेली, सुस्थितीतली आणि चालायला जाणारीही असते. संशोधक असे फरक हिशेबातून वजा करतात. पण जे मोजलेलेच नाही ते वजा कसे करणार? शिवाय या कामाला सरकारी निधीबरोबर कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरी उत्पादकांच्या मंडळाचाही पैसा होता. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र वाचणाऱ्याला ते माहीत असावे.

प्रत्यक्ष फळ देऊन केलेले प्रयोग बरेच लहान आहेत. सिनसिनाटीमध्ये २०१० मध्ये विस्मरणाची सुरुवात झालेल्या नऊ वृद्धांना बारा आठवडे ब्लूबेरीचा रस दिला गेला आणि शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवण्यात त्यांची प्रगती दिसली. नऊ माणसे म्हणजे आमच्या वाडीतली भजनी मंडळीही त्याहून अधिक भरतील.

सर्वांत नेटका प्रयोग २०२३ चा. लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ६५ ते ८० वयाच्या ६१ निरोगी माणसांना बारा आठवडे रोज २६ ग्रॅम रानटी ब्लूबेरीची भुकटी किंवा तशीच दिसणारी खोटी भुकटी दिली. कोणाला काय मिळते आहे हे खाणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. खऱ्या भुकटीवाल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी साडेतीन अंकांनी उतरला, रक्तवाहिन्या अधिक लवचिक झाल्या आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत ते थोडे पुढे गेले. मात्र आतड्यातल्या जिवाणूंच्या रचनेत काहीही फरक पडला नाही. मग या धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे काय करायचे, ते सरांनीच सांगावे. (या प्रयोगाचा खर्च रानटी ब्लूबेरीच्या उत्पादक संघटनेने केला होता. हेही नोंदवून ठेवतो.)

प्रयोगवही (चिपळूण)

शंकासुर, तुम्ही नेमका मर्मावर बोट ठेवणारा प्रयोग काढलात. त्याचे मी जे वाचन करतो ते असे.

एक तर, या प्रयोगाने जिवाणूंपेक्षा रक्तवाहिन्यांची वाट अधिक उजळ केली, हे मान्य केलेच पाहिजे. मेंदूला शरीरातल्या एकूण रक्तपुरवठ्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा लागतो, आणि उतारवयातला पुष्कळसा विसराळूपणा बारीक रक्तवाहिन्यांच्या खराबीतून येतो. रक्तदाब थोडा उतरला आणि वाहिन्या सैलावल्या तर मेंदूचे भले होण्यासाठी जिवाणू बदललेच पाहिजेत असे नाही.

पण जिवाणूंची यादी न बदलणे आणि जिवाणूंचा सहभाग नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच प्रयोगात लघवीतून बाहेर पडणाऱ्या पॉलिफिनॉलजन्य द्रव्यांचे (अँथोसायनिन ज्या मोठ्या गटात मोडते त्या गटातल्या द्रव्यांच्या तुकड्यांचे) प्रमाण वाढलेले आढळले. गिरणी तीच, जाती तीच, फक्त दळायला आलेले धान्य वेगळे. पीठ वेगळे पडणारच. रक्तवाहिन्या सैलावण्याचे काम हेच तुकडे करत असण्याचा संभव दाट आहे. दुसऱ्या बाजूला, इटलीतल्या एका प्रयोगात (२०११) सहा आठवडे रानटी ब्लूबेरीचे पेय घेतलेल्या पुरुषांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरिया हे हितकारक मानले जाणारे जिवाणू वाढलेले दिसले. म्हणजे जिवाणूंच्या संख्येबाबत निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि माझ्या मते ते तसे असणारही नाहीत, कारण प्रत्येकाच्या आतड्यातली मूळ वस्ती वेगळी असते.

याचे उत्तम उदाहरण युरोलिथिनचे आहे. डाळिंब, स्ट्रॉबेरी, अक्रोड यांत एलॅजिटॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. आपल्या जांभळातही ती आहेत. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते आणि घसा धरतो, तो लाळेतली प्रथिने टॅनिनांनी बांधून टाकल्याचा परिणाम. ही द्रव्ये मोठ्या आतड्यात पोहोचली की काही विशिष्ट जिवाणू त्यांपासून युरोलिथिन बनवतात. पेशींमधली जुनी, निकामी झालेली ऊर्जाकेंद्रे मोडीत काढण्याच्या कामाला त्याने चालना मिळते, म्हणून वार्धक्याचे संशोधक त्याच्या मागे लागले आहेत. परंतु हे जिवाणू सर्वांकडे नसतात. एकच डाळिंब दोघांनी वाटून खाल्ले तरी एकाच्या लघवीत युरोलिथिन-ए सापडते आणि दुसऱ्याच्या लघवीत युरोलिथिनचा मागमूसही नसतो. अशा वेळी दोघांची सरासरी काढली तर फळाचा गुण अर्धाच दिसणार. ब्लूबेरीच्या प्रयोगांतले उलटसुलट निकाल काही अंशी यातून येत असावेत, असे माझे मत आहे.

म्हणून सड्यावरचा यांच्या वडिलांना मी असे सांगेन की फळाचा लाभ फळावर जेवढा अवलंबून आहे, तेवढाच तो पचवणाऱ्या वस्तीवर आहे, आणि ती वस्ती उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांच्या फळांवर जगत नाही. तिला वर्षभर तंतुमय अन्न लागते. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाची पेज, चवळी, वाल, शेवग्याचा पाला हे ज्याच्या ताटात रोज आहे, त्याच्या आतड्यात करवंद पोहोचले तर त्याचे काही तरी बनेल. चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या वृद्धाने वरून चमचाभर जांभळी भुकटी घेतली तर तिचे काय होईल, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

आगळवेगळी (कुडाळ)

आमचा कोकमावर प्रक्रिया करण्याचा घरगुती व्यवसाय आहे, त्यामुळे रंग टिकतो कसा आणि जातो कसा हे रोज डोळ्यांसमोर असते. ‘कोकम म्हणजे कोकम’ असे धरून चालू नये, एवढे सांगण्यासाठी लिहिते आहे.

रातांबा फोडून साल वेगळी केली की ती मिठाच्या रसात बुडवून उन्हात वाळवतात, पुन्हा रसात घालतात, पुन्हा वाळवतात. अशी पुटे देत देत लालचुटुक साल काळपट, चिवट आमसूल होते. ऊन, हवा आणि उष्णता हे तिन्ही या रंगाचे वैरी आहेत, त्यामुळे आमसुलाचा आंबटपणा वर्षभर टिकला तरी रंग बराचसा गेलेला असतो. आगळ मात्र उन्हात जात नाही. फोडलेल्या फळात मीठ घालून, रोज हलवून, सुटलेला रस गाळून भरतात. बरणी सावलीत ठेवली तर रंग छान राहतो. काचेच्या बाटलीत भरून दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात मांडली तर काही आठवड्यांत विटकरी छटा येते. अमृत कोकमही सालीला साखरेत मुरवूनच करतात, पण त्यात साखर भरपूर असते. आणि सरबत म्हणून बाजारात जे मिळते, त्यातल्या काहींचा लाल रंग रातांब्याचा नसतोच. त्यावर सोड्याचे पाणी टाकून पाहावे, खरा असेल तर बदलेल.

माझ्या सासूबाईंना रक्तदाब आहे. आगळ औषधी म्हणून त्या दिवसातून दोनदा पाण्यात घालून पीत असत, ते डॉक्टरांनी बंद करायला लावले, कारण आगळात टिकण्यापुरते मीठ भरपूर असते. आता घरी त्यांच्यासाठी मोसमात ताज्या रातांब्याचे पन्हे मीठ न घालता करतो आणि थोडा गर फ्रीजरमध्ये ठेवतो.

माहेर देवरुखचे (पनवेल)

माझ्या आईला मधुमेह आहे. जांभूळ मधुमेहावर उत्तम आणि आता मेंदूलाही उत्तम, असे ऐकून ती मोसमात दुपारचे जेवण सोडून जांभळेच खाते, आणि उरलेल्या दिवसांत बियांची पूड घेते. हे कितपत योग्य आहे? आणि पावसाळ्यानंतर गडद रंगाचे आपल्याकडे काय मिळते? लाल माठ आणि बीट चालेल का?

प्रयोगवही (चिपळूण)

ताई, आहाराच्या पथ्याबद्दल डॉक्टरसाहेब लिहितील. रंगाचे सांगतो. बीट आणि लाल माठ यांचा रंग बीटालेन या अगदी वेगळ्या कुळातला आहे. त्या भाज्या अवश्य खाव्यात, पण या हिशेबात त्या धरता येत नाहीत. थंडीत मिळणारे जांभळे कोनफळ मात्र अँथोसायनिनचेच. वांग्याच्या सालीतही ते असते, म्हणून भरीत करताना साल जळून जाते याचे मला नेहमी वाईट वाटते. तोरणे ही रानफळे पांढरी असतात, त्यांच्याकडून रंगाची अपेक्षा नको.

बंदरावरचा डॉक्टर (दापोली)

धागा वाचून समाधान वाटले. काही गोष्टी वैद्यकीय बाजूने जोडतो.

देवरुखच्या ताई, जांभळासाठी जेवण सोडणे आईंसाठी धोक्याचे आहे, विशेषतः साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर. गोळी पोटात आणि जेवण नाही, अशा स्थितीत रक्तातली साखर एकाएकी खाली जाते. वृद्धांमध्ये साखर वारंवार अशी उतरणे मेंदूलाच घातक असते. वाटीभर जांभळे जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मध्ये खावीत. बियांची पूड घेत असल्यास आपल्या डॉक्टरांना तसे सांगावे आणि तिच्या भरवशावर गोळी कमी करू नये. ज्यांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू आहे त्यांनी कोणत्याही फळाचा अर्क किंवा गोळी परस्पर सुरू करू नये. क्रॅनबेरीच्या बाबतीत रक्तस्रावाच्या नोंदी आहेत. कोकमाच्या कुळातल्या गार्सिनिया कॅम्बोजियाच्या, वजन उतरवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पानातली सोलकढी ही वेगळी गोष्ट आणि अर्क आटवून भरलेली गोळी ही वेगळी.

शंकासुर यांनी उल्लेख केला नाही, म्हणून आणखी एका प्रयोगाबद्दल लिहितो. शिकागोच्या रश विद्यापीठात २०१५ मध्ये ‘माइंड’ नावाची आहारपद्धती मांडली गेली. तीत फळांपैकी केवळ बेरीवर्गीय फळांना स्वतंत्र स्थान आहे, आठवड्यातून किमान दोनदा. तिची रीतसर चाचणी ६०४ ज्येष्ठांवर तीन वर्षे झाली आणि २०२३ मध्ये निकाल आला : नुसते खाणे थोडे कमी केलेल्या दुसऱ्या गटापेक्षा या आहाराच्या गटाची स्मरणशक्ती लक्षणीय सरस ठरली नाही. दोन्ही गटांत सुधारणा झाली होती. तीन वर्षे हा काळ मेंदूच्या झिजेच्या मानाने अपुरा आहे असे म्हणता येईल. तरीही महिनाभरात फरक दाखवणाऱ्या डब्यासमोर हा निकाल ठेवून पाहावा.

सड्यावरचा, आता मुख्य मुद्दा. आपल्या वडिलांना नावे आठवत नाहीत म्हणून जो पहिला खर्च व्हायला हवा तो भुकटीवर नसून तपासणीवर व्हायला हवा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी वृद्धांत, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत, वारंवार सापडते; ती विस्मरण घडवते आणि वेळीच कळली तर भरून काढता येते. थायरॉइड, रक्तदाब आणि साखर पाहावी. झोपेच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही विसराळूपणा वाढतो, म्हणून चालू औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणि कान तपासून घ्यावेत. आमच्याकडे ‘बाबा विसरतात’ म्हणून आणलेल्या कित्येकांना समोरच्याने सांगितलेले नाव मुळात ऐकूच आलेले नसते. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणे मांडली आणि त्यांच्यावर इलाज झाला तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबतील, असा अंदाज दिला. ऐकू कमी येणे आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा वाटा त्यात सर्वांत मोठा आहे. करवंदे या यादीत नाहीत. तरी मी स्वतः ती मोसमात आवडीने खातो.

शंकासुर (मालवण)

डॉक्टरसाहेबांशी सहमत. माझी शंका एवढ्यापुरती मिटली की फळ खाऊ नये असे कोणीच म्हणत नाही आणि डबा घ्यावा असेही कोणी म्हणत नाही. आमच्याकडे बागांसाठी आणि बंगल्यांसाठी सडे साफ करताना करवंदांच्या जाळ्या सर्रास जाळल्या जातात. पुढच्या पिढीला फुकटात मिळण्याजोगे फळ उरणार का, हा प्रश्न मला जिवाणूंपेक्षा अधिक सतावतो. तो मात्र या धाग्यात अवांतर होईल.

सड्यावरचा (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. सरांचे आणि डॉक्टरसाहेबांचे प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. कानांचा परिच्छेद दोनदा वाचावा लागला, त्यावरून रक्ताच्या तपासणीबरोबर कानांच्या तपासणीची वेळही घेतली आहे. डबा मागवायचा नाही, यावर त्यांनी कुरकुरत का होईना मान डोलावली. मात्र मोसम संपल्यावर काय, हा त्यांचा प्रश्न कायम आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची करवंदाची जात परसात लावावी असे ठरते आहे. तोवर यंदाची जांभळे आणि करवंदे फ्रीजरमध्ये ठेवता येतील का? गेल्या वर्षी जांभळांचा एकसंध गोळा होऊन बसला होता.

आगळवेगळी (कुडाळ)

दादा, नक्की ठेवता येतात, आणि गोठवल्याने रंग फारसा जात नाही. मुरंब्यासाठी शिजवल्याने मात्र पुष्कळ जातो. जांभळे धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत, ताटात एकमेकांना न चिकटतील अशी एकपदरी पसरून आधी ताटासकट गोठवावीत आणि कडक झाल्यावरच पिशवीत भरावीत, म्हणजे गोळा होत नाही. करवंदांचे देठ काढून ती पाण्यात थोडा वेळ ठेवावीत, चीक निघून जातो. मग तीच रीत. पिशव्या लहान, एका वेळेला पुरेल एवढ्याच भराव्यात, कारण आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की फळे सुटतात, आणि सुटलेली पुन्हा गोठवली की त्यांचा रस निघून नुसती साल हातात येते. वडिलांना दातांचा त्रास असेल तर जांभळे अर्धवट सुटल्यावर बोटांनी बी काढून गर द्यावा. करवंदाच्या बिया बारीक असतात, त्या कवळीखाली अडकतात. त्यांचा गर चाळणीवर घासून घेतलेला बरा.